सहाशे चाळीस फोटो आणि एक ओळ

सोलापुरात गड्डा यात्रा तोंडावर आली होती आणि मामांना मान वर करायला सवड नव्हती. चाटी गल्लीत त्यांचं चादरी-टॉवेलचं घाऊक दुकान आहे. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने नव्या डिझाईनचे सगळे फोटो मागवले होते, आणि सोबत अटी: प्रत्येक फोटो चौरस, १२०० बाय १२०० पिक्सेल, चादरीच्या कडेला उरलेली जागा पांढरी, आणि फाइल २०० केबीच्या आत. फोटो होते ६४०. दुकानातला पोरगा दोन दिवसांपासून एकेक फोटो उघडत होता, छोटा करत होता, नाव देऊन ठेवत होता. मी पोचलो तेव्हा त्याचा ७४ वा चालू होता.

"काय करलालास रे?"

"फोटो बारीक करलालो की."

एका फोटोला तीन मिनिटं धरली, तरी ६४० फोटोंना १,९२० मिनिटं होतात. म्हणजे ३२ तास. जेवण, गिऱ्हाईक आणि वीज जाणं वेगळं. मामा म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधला ना? याला असं काहीतरी दे, की बटण दाबलं की झालं."

मी दिलं, पण त्यात बटण नव्हतं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. चहा आला, शेजारच्या दुकानदाराचं भाड्याचं गाऱ्हाणं ऐकून झालं, तोवर ६४० फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसले होते. ती ओळ काय होती, तिच्यातला कुठला शब्द कशासाठी, आणि ती चुकली की काय होतं, ते इथे उलगडून सांगतो. चुकलं की काय होतं हा भाग जरा लांबेल, कारण तो मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय.

काळी खिडकी

आपण संगणकाला काम सांगतो ते बहुतेक वेळा बोट दाखवून. हे उघड, इथे दाब, हे इकडे ओढ. कमांड लाइनवर, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, बोट दाखवायची सोय नाही, तिथे बोलून सांगावं लागतं. बोट एका वेळी एकाच वस्तूकडे दाखवता येतं, बोलताना मात्र "या कपाटातल्या सगळ्या चादरी" असं म्हणता येतं. सगळी ताकद त्या "सगळ्या"त आहे.

सोलापूरच्या माणसाला हे परकं वाटू नये. आपल्या चादरीवरचा बुट्टा जकार्डवर विणला जातो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डं एकमेकांना बांधून त्यांची माळ मागावर चढवायची. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, धोटा जातो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. डिझाईन एकदा कार्डात उतरलं की विणकराने प्रत्येक धागा हाताने उचलायचा प्रश्नच उरत नाही. आता कित्येक ठिकाणी पुठ्ठ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत, पण हिशोब तोच आहे.

त्यात एक गोम आहे, ती शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही जुन्या विणकराला विचारा. एका कार्डात एक भोक चुकलं, तर ती चूक एका चादरीत राहत नाही. ती प्रत्येक बुट्ट्यात, प्रत्येक चादरीत, माळ फिरेल तितक्या वेळा विणली जाते. आणि मागाला त्याचं काहीच वाटत नाही.

हत्यार

मी वापरलं त्याचं नाव इमेजमॅजिक. फुकट आहे, त्याचा मूळ कोडही उघडा आहे, आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. याचं वयही बरंच आहे. १९८७ साली जॉन क्रिस्टी हे ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत काम करत होते. लाखो रंगांची चित्रं फक्त २५६ रंग दाखवणाऱ्या पडद्यावर बरी दिसावीत, एवढ्यासाठी त्यांनी ते लिहायला घेतलं. कंपनीने परवानगी दिली आणि १ ऑगस्ट १९९० ला ते सगळ्यांसाठी खुलं झालं. तुम्ही नाव ऐकलं नसलं तरी ते तुमच्या वाट्याला आलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. कितीतरी वेबसाइटवर आपण फोटो चढवतो तेव्हा मागच्या खोलीत बसून त्याची छोटी प्रत काढणारा कारागीर हाच असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. पन्नासेक फोटो असतील आणि काम एकदाच करायचं असेल, तर विंडोजवर आयरफॅनव्ह्यूसारखा, घरगुती वापराला फुकट असलेला प्रोग्रॅम घ्या. त्यात अनेक फोटो एकदम बदलायची खिडकी आहे, तिच्यात खुणा करा आणि मोकळे व्हा. कमांड लाइन शिकायचे कष्ट वसूल होतात ते काम दर आठवड्याला, त्याच अटींवर, परत परत येणार असेल तेव्हा. मामांचं काम तसं होतं. डिझाईनं नवी येत राहतात.

खाली आज्ञा देवनागरीत लिहितोय, फोनवरून मामांना सांगतो तशा. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतात. मुख्य आज्ञेचं स्पेलिंग एम-ए-जी-आय-सी-के, शेवटचा के विसरायचा नाही. २०१६ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हापासून सगळी कामं या एका शब्दाने सुरू होतात. जुन्या लेखांत त्या जागी "कन्व्हर्ट" दिसेल. विंडोजवर तो शब्द नुसता टाइप केला, तर डिस्कची रचना बदलणारा विंडोजचा स्वतःचा कन्व्हर्ट जागा होऊ शकतो. त्याला फोटोतलं काही कळत नाही. तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

आधी माल बघून घ्या

पहिली आज्ञा काहीच बदलत नाही:

मॅजिक आयडेंटिफाय *.जेपीजी

हे त्या फोल्डरमधल्या प्रत्येक फोटोचं नाव, प्रकार आणि मापं सांगतं. चांदणी म्हणजे "नाव काहीही असो", आणि टिंबापुढचं म्हणजे "पण जेपीजीच हवा". लिनक्सवर मोठ्या लिपीतलं आणि छोट्या लिपीतलं जेपीजी वेगळं धरलं जातं. एका कॅमेऱ्याचे फोटो सापडतात आणि दुसऱ्याचे सापडत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. आयफोनचे फोटो तर एचईआयसी नावाच्या वेगळ्याच प्रकारात येतात. ते आधी जेपीजी करून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी इमेजमॅजिकच्या तुमच्या प्रतीत तो प्रकार वाचायची सोय असावी लागते.

मामांच्या ६४० पैकी बहुतेक फोटो ४००० बाय ३००० चे होते. पण ५१ फोटो १६०० बाय १२०० निघाले. पोराला विचारलं तेव्हा कळलं, ते गोदामातून व्हॉट्सअॅपवर आलेले. व्हॉट्सअॅप साधा फोटो म्हणून पाठवलं की चित्र आपल्या मनाने बारीक करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ फाइल तशीच पोचते. ते ५१ आपल्या अटीत बसत होते म्हणून चाललं, पण गोदामातल्या माणसाला तेवढं सांगून ठेवलं.

मापाचा हिशोब

४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, म्हणजेच पिक्सेल. १२०० च्या चौकटीत बसवायचं, तर लांब बाजू १२०० होते आणि आखूड बाजू त्याच प्रमाणात ९००. आज्ञेत हे असं लिहितात:

-रिसाइझ १२००एक्स१२००

इथे पहिला गैरसमज होतो. १२०० बाय १२०० लिहिलं की चित्र ओढून-ताणून चौरस होईल असं वाटतं. तसं होत नाही. हे दोन आकडे चौकटीचे आहेत आणि चित्र आपलं प्रमाण सांभाळून तिच्यात बसतं. खरंच ओढून चौरस करायचं असेल तर पुढे उद्गारचिन्ह लावावं लागतं. मग ६० बाय ९० इंचाची चादर सतरंजीसारखी दिसते. ते करू नका.

एवढ्यावर भागत नाही. एखादा फोटो मुळातच ८०० चा असेल तर साधं रिसाइझ त्याला १२०० पर्यंत फुगवतं. फुगवलेल्या चित्रात तपशील वाढत नाही, धूसरपणा वाढतो. म्हणून आकड्यांपुढे "पेक्षा मोठं" हे चिन्ह लावायचं, गणितातलं उजवीकडे टोक असलेलं. त्याचा अर्थ, मोठं असेल तरच लहान कर, नाहीतर हात लावू नको.

आणि या चिन्हाभोवती दुहेरी अवतरणं हवीतच. काळ्या खिडकीत त्याच चिन्हाचा आणखी एक अर्थ आहे, "जे छापशील ते पुढच्या नावाच्या फाइलमध्ये टाक". अवतरणं नसली तर ती खिडकी इमेजमॅजिकच्या आधीच ते चिन्ह गिळते. मी एकदा अवतरणं विसरलो आणि पुढचा शब्द होता "-क्वालिटी". फोल्डरमध्ये "-क्वालिटी" नावाची एक रिकामी फाइल उगवली, आणि पुढचा आकडा ८५ हे फोटोचं नाव समजून, असा फोटो नाही म्हणून तक्रार आली. अर्धा तास मी इमेजमॅजिकला शिव्या देत होतो. तो बिचारा निर्दोष होता, त्याच्यापर्यंत माझी ओळ धड पोचलीच नव्हती.

आता चौरस. १२०० बाय ९०० झालेल्या चित्राच्या वर-खाली पांढरी पट्टी जोडायची आहे:

-ग्रॅव्हिटी सेंटर -बॅकग्राउंड व्हाइट -एक्स्टेंट १२००एक्स१२००

चित्र मध्ये ठेव, उरलेली जागा पांढरी समज, आणि कॅनव्हास एवढा कर. ग्रॅव्हिटी म्हणजे इथे गुरुत्वाकर्षण नव्हे, चित्र कुणीकडे टेकवायचं ते. दक्षिण म्हटलं तर खाली, ईशान्य म्हटलं तर उजव्या वरच्या कोपऱ्यात. मामांनी लगेच विचारलं, "मग फोटोत मागे भिंत दिसते ती पण पांढरी होणार का?" नाही. हे हत्यार चादर कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे ओळखत नाही. ते फक्त चित्राच्या बाहेर पांढरं जोडतं. भिंत नको असेल तर फोटो काढतानाच मागे पांढरा तागा लावा. चाटी गल्लीत पांढऱ्या ताग्याची काय कमी.

चादर लहान केली की लाटा का दिसतात

हे कापडवाल्यांसाठी खास आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

चादरीचा फोटो लहान केल्यावर कधी कधी तिच्यावर मोठाल्या वाकड्या लाटा दिसतात. त्या खऱ्या चादरीत नसतात. याला म्वारे म्हणतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरून हलवले की ज्या लाटा पळताना दिसतात, त्याच या. चादरीत धाग्यांची जाळी आहे आणि फोटोत ठिपक्यांची. दोन्ही जाळ्या बारीक आणि सारख्या अंतराच्या, पण अंतरं जुळत नाहीत, म्हणून तिसरंच चित्र उमटतं.

फोटो लहान करायच्या दोन रीती आहेत. एक सोपी: चार ठिपक्यांतला एक ठेवायचा, तीन टाकून द्यायचे. यात टाकलेल्या ठिपक्यांत गडद धागा होता की फिका, याचा विचारच नाही. नेमका दर वेळी गडद धागाच हाती लागला तर पट्टा गडद दिसतो, जरा पुढे फिकाच लागत गेला तर फिका. झाल्या लाटा. इमेजमॅजिकमध्ये ही रीत "-सँपल" नावाने आहे, आणि ती झपाट्याने चालते म्हणून काही जण ती सुचवतात. कापडाच्या फोटोला ती लावू नका.

दुसरी रीत सरासरीची. नव्या ठिपक्याच्या जागी जुने जितके ठिपके येतात, त्यांचा आणि आसपासच्यांचा वजन देऊन हिशोब करायचा, जवळच्याला जास्त मान, लांबच्याला कमी. "-रिसाइझ" हेच करतं, आणि लहान करताना लांझोश नावाच्या गणिताने करतं. हंगेरियन गणिती कॉर्नेलियस लांझोश यांच्या नावावरून ते नाव पडलं. वेळ थोडा जास्त लागतो, किनार स्वच्छ राहते.

मात्र लाटा कॅमेऱ्यातच उमटल्या असतील तर पुढचं कुठलंही गणित त्या काढू शकत नाही. फोटो काढताना एक पाऊल मागे-पुढे व्हा किंवा कॅमेरा किंचित तिरका धरा, एवढाच उपाय.

आडवे पडलेले फोटो आणि उतरलेले रंग

फोन उभा धरून फोटो काढला तरी पुष्कळ फोन चित्र आडवंच साठवतात आणि सोबत चिठ्ठी ठेवतात, "दाखवताना उभं करा". या चिठ्ठीत आणखीही बरंच असतं: तारीख, फोनचं मॉडेल, आणि लोकेशन चालू असेल तर फोटो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश. "-स्ट्रिप" म्हटलं की ही सगळी चिठ्ठी फाडली जाते. गोदामाचा पत्ता परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून ती फाडावीच. पण चित्र आधी उभं न करता फाडली, तर उभ्या फोटोंना आपण उभे आहोत हे सांगायला कोणी उरत नाही. म्हणून आधी "-ऑटो-ओरिएंट", मग "-स्ट्रिप". पहिलं चिठ्ठी वाचून चित्र खरोखर फिरवतं, दुसरं चिठ्ठी टाकून देतं.

त्या चिठ्ठीसोबत रंगांचा तक्ता पण जातो, आणि इथे कापडवाल्याने कान टवकारावे. नवे आयफोन जरा विस्तृत रंगपट्टीत फोटो साठवतात. तक्ता काढून टाकला की बघणारा प्रोग्रॅम ते आकडे नेहमीच्या एसआरजीबी पट्टीतले समजतो, आणि मरून चादर विटलेली दिसते. फोनवर बघून मागवलेला माल रंग वेगळा म्हणून परत आला, की जाण्या-येण्याचं भाडं कोणाच्या माथी बसतं हे मामांना सांगायची गरज नव्हती. उपाय असा, की स्ट्रिपच्या आधी "-प्रोफाइल" वापरून रंग एसआरजीबीत रूपांतरित करून घ्यायचे, त्यासाठी एसआरजीबीचा तक्ता फाइल म्हणून जवळ ठेवावा लागतो. मामांच्या दुकानातले फोन अँड्रॉइडचे आणि फोटो आधीच एसआरजीबीत होते, त्यामुळे ही पायरी गाळली.

वजन

जेपीजी हा प्रकार चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात डोळ्याला सहसा न कळणारा बारीक तपशील सोडून देतो. किती सोडायचा हे "-क्वालिटी" ठरवतं. आकडा १ ते १००, पण ही टक्केवारी नव्हे. ८५ म्हणजे ८५ टक्के चित्र उरलं असा अर्थ नाही. चादरीसाठी ८० ते ८५ मला पुरेसं वाटतं. ६० च्या खाली गेलात तर बुट्ट्याच्या कडेला मुंग्या फिरल्यासारखे ठिपके दिसू लागतात.

पण व्यापाऱ्याची अट क्वालिटीची नव्हती, २०० केबीची होती. साधी टॉवेलची फाइल ८५ वर सहज हलकी होते, गच्च बुट्ट्याची चादर त्याच ८५ वर जड राहते, कारण तिच्यात तपशील जास्त. दर फोटोला वेगळा आकडा कोण शोधणार? त्यासाठी एक सोय आहे:

-डिफाइन जेपेग:एक्स्टेंट=२००केबी

मग इमेजमॅजिक स्वतःच क्वालिटी वर-खाली करून २०० केबीच्या आत बसणारी सापडेपर्यंत बघतो. यात वेळ जातो. माझा चहा झाला तो यामुळेच.

एकदा जेपीजी करून त्याचाच पुन्हा जेपीजी करत राहू नका. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं. दर वेळी मूळ फोटोवरूनच सुरुवात करा. त्यासाठी मूळ फोटो जागेवर असावे लागतात, आणि आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

मूळ फोटो

अनेक फोटोंवर एकच काम करणाऱ्या आज्ञेचं नाव मोग्रिफाय. इंग्रजीत ट्रान्समोग्रिफाय म्हणजे रूप पालटून टाकणं, त्याचं हे शेपूट. नावाप्रमाणेच तो वागतो. दुसरीकडे ठेव असं सांगितलं नाही, तर मूळ फाइलवरच नवी फाइल लिहितो. विचारत नाही, प्रत ठेवत नाही, रिसायकल बिनमध्येही काही टाकत नाही.

काही वर्षांपूर्वी आजीच्या पंच्याहत्तरीचे २१४ फोटो मी नातेवाइकांना पाठवण्यासाठी ८०० पिक्सेलचे केले. ओळ अगदी बरोबर होती. फक्त "-पाथ" नव्हता. सगळे फोटो छान लहान झाले, सगळ्यांना गेले, सगळ्यांनी अंगठे दाखवले. आजी गेली तेव्हा मोठ्या फ्रेमसाठी फोटो शोधला आणि तेव्हा कळलं की मूळ एकही उरलेला नाही. चांगली छपाई इंचाला ३०० ठिपके मागते. ८०० ठिपके म्हणजे पावणेतीन इंचसुद्धा नाहीत. फोटोग्राफरने फुगवून दिला, भिंतीवर तोच आहे. लांबून बरा दिसतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. मूळ फोटोंची आधी पेन ड्राइव्हवर प्रत. मग एक रिकामं फोल्डर तयार करायचं, कारण मोग्रिफाय फोल्डर आपणहून बनवत नाही. मग आज्ञेत "-पाथ" लिहून त्या फोल्डरचं नाव. आणि आधी फक्त तीन फोटोंवर चालवून बघायचं, एक उभा, एक आडवा, एक लहान. मामांकडे ही शेवटची पायरी कामाला आली. तीनमधल्या एका फोटोला वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, मी बॅकग्राउंडचं स्पेलिंग चुकवलंय की काय म्हणून ओळ तीनदा तपासली. मग लक्षात आलं, त्या पट्ट्या मूळ फोटोतच होत्या, कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवलेला.

सगळं जुळल्यावरची पूर्ण ओळ अशी:

मॅजिक मोग्रिफाय -पाथ तयार -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ "१२००एक्स१२००>" -ग्रॅव्हिटी सेंटर -बॅकग्राउंड व्हाइट -एक्स्टेंट १२००एक्स१२०० -स्ट्रिप -डिफाइन जेपेग:एक्स्टेंट=२००केबी *.जेपीजी

डावीकडून उजवीकडे मराठी वाक्यासारखी वाचा: "तयार" फोल्डरमध्ये ठेव, सरळ कर, मोठं असेल तर लहान कर, मध्ये ठेवून पांढऱ्याने चौरस कर, चिठ्ठी फाड, २०० केबीत बसव, आणि हे सगळ्या जेपीजींना कर. क्रियापद आधी आणि कर्म शेवटी, एवढाच काय तो परकेपणा.

मोग्रिफायऐवजी नुसता "मॅजिक" लिहून चांदणी दिली तर काय होतं, हेही सांगतो, कारण इंटरनेटवरून उचललेली ओळ बरेचदा तशी असते. मोग्रिफाय एक फोटो घेतो, संपवतो, मग दुसरा घेतो. नुसता मॅजिक आधी सगळे फोटो एकदम उचलून बसतो. आतल्या हिशोबासाठी तो एका ठिपक्याला साधारण १२ बाइट वापरतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा एक फोटो १४४ एमबी. असे ६४० घेतले तर ९२ जीबीच्या वर. दुकानातल्या लॅपटॉपला मेमरी ८ जीबी. मेमरी संपली की तो डिस्कवर पसारा मांडतो आणि लॅपटॉप मुका होतो.

फोटोवर नाव

काम झालं बघून मामांना हुरूप आला. "आता प्रत्येकावर दुकानाचं नाव पण टाक. मराठीत."

नाव टाकायला "-अॅनोटेट" आहे, त्याला देवनागरी फॉन्टची फाइल दाखवावी लागते, नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. तरी पहिल्या झटक्यात "विक्री" हा शब्द फुटून आला: पहिली वेलांटी व च्या मागे जाऊन बसली, आणि क्र ऐवजी पाय मोडलेला क आणि शेजारी र. यात फॉन्टचा दोष नाही. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते आणि संगणकात साठवलीही नंतरच जाते, पण दाखवताना तिला आधी आणावं लागतं. जोडाक्षरं तशीच जुळवावी लागतात. हे जुळवण्याचं काम रॅक्म किंवा पँगो नावाचे मदतनीस करतात, आणि तुमची प्रत त्यांच्यासह बनवलेली नसेल तर अक्षरं आली तशी एकापुढे एक ठेवली जातात. "मॅजिक -व्हर्जन" टाइप केलं की शेवटी मदतनिसांची यादी येते, तिच्यात ही नावं शोधायची.

शोधत बसण्यापेक्षा मी सोपा मार्ग घेतला. दुकानाचं नाव एकदाच नीट लिहून, मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी चित्र केलं आणि "-कॉम्पोझिट" ने प्रत्येक फोटोच्या आग्नेय कोपऱ्यात चिकटवलं. एकदा चित्र झालं की त्याची वेलांटी कुठे पळून जात नाही. मोग्रिफायला दोन चित्रं एकत्र करणं अवघड जातं, म्हणून इथे "फॉर" वापरून फोटोगणिक आज्ञा चालवावी लागते. विंडोजवर हे फाइलमध्ये साठवून चालवताना फॉरमधलं टक्क्याचं चिन्ह एकाऐवजी दोनदा लिहायचं. का, ते विचारू नका, विंडोजची खोड आहे. फोटोच्या नावात मोकळी जागा असेल, जसं "लाल बुट्टा १", तर तेही नाव अवतरणात ठेवायचं, नाहीतर त्याचे तीन वेगळे फोटो समजले जातात.

हे सगळं स्वतःच्या वेबसाइटवर बसवून अनोळखी लोकांच्या फाइली त्यातून घालणार असाल तर मात्र सावध. २०१६ मध्ये यात एक मोठी फट सापडली होती, मुद्दाम रचलेली चित्रफाइल देऊन समोरच्या संगणकावर हव्या त्या आज्ञा चालवता येत होत्या. ती बुजवली गेली, पण आवृत्ती ताजी ठेवणं आणि नको ते प्रकार नियम-फाइलमधून बंद करणं तेव्हापासून गरजेचं झालं. दुकानातल्या लॅपटॉपवर स्वतःचे फोटो हाताळताना याची फार काळजी नाही.

पोराच्या हाती

मामा काळ्या खिडकीत टाइप करणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून ती ओळ नोटपॅडमध्ये लिहून, नावाला शेवटी "बॅट" लावून फोटोंच्या फोल्डरमध्ये ठेवली. वर "तयार" फोल्डर बनवायची एक ओळ, खाली "पॉज", म्हणजे खिडकी लगेच मिटत नाही आणि काही तक्रार आली तर वाचता येते. आता फोटो टाकायचे आणि त्या फाइलवर दोनदा क्लिक करायचं. शेवटी मामांना बटण मिळालंच.

महिन्याभराने दुकानात गेलो तेव्हा लॅपटॉपवर तशा तीन फाइली दिसल्या. एकीचं नाव हैदराबाद, दुसरीचं सुरत, तिसरीचं "वरील दोन्ही नको". नोटपॅडमध्ये उघडून बघितल्या. सुरतच्या फाइलीत १२०० च्या जागी १००० होतं, चारही ठिकाणी, आणि २०० च्या जागी ५००. अवतरणं जागच्या जागी होती.

"हे कोणी केलं?"

पोरगा टॉवेलची घडी घालत होता. "सुरतवाल्याला वेगळा साइज लागतोय की," तो म्हणाला. "आधी तीन फोटोवर बघितलं."